सदुसष्टचा गुलाबी रंग

१

माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी गुडघे टेकून शेगडीखालचं तेल खरवडत होतो. तिनं नमनाला घडाभर तेल घालवलं नाही.

"माझं सदुसष्ट कुणीतरी मारलंय," ताई म्हणाली. "आणि एक नळी चोरलीये. तू ये."

"पोलिसांना बोलव."

"त्यांना काय सांगू? गोठवलेलं एन्झाइम मेलं म्हणून? हसतील ते. तीस वर्षं लोकांच्या थापा पकडल्यास ना, आता एक माझ्यासाठी पकड."

तीस वर्षं मी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि फोडलेली दुकानं बघत फिरलो. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, आणि कुणी हुकूम सोडला की डोकं फिरतं. पण ताईचा हुकूम टाळणं मला साठाव्या वर्षीही जमलेलं नाही. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, घर सजवलं नाही. प्रयोगशाळा हाच तिचा संसार, आणि तोही तीन महिन्यांत संपणार होता, कारण ती निवृत्त होणार होती.

सदुसष्ट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळत गेल्या. जिना चढणं बंद झालं, मग चालणं, मग बोलणं. रक्तवाहिनीला 'सैल हो' म्हणून निरोप देणारा एक वायू आपलं शरीर स्वतःच बनवतं, नायट्रिक ऑक्साइड. हा निरोप्या काही सेकंदच जगतो. त्याला बनवणारं जे एन्झाइम, ते अशा रोग्यांत आळशी असतं. धाकट्याच्या उशाशी बसून ताई त्याला म्हणाली होती, "जरा थांब, मी शोधून काढते." तो थांबला नाही. तिनं मात्र शोधणं थांबवलं नाही. त्या आळशी एन्झाइमची एकेक कडी बदलून ती नवं एन्झाइम बनवायची. सहासष्ट फसली. सदुसष्टावं चाललं. त्याला अकरा वर्षं झाली.

त्या सदुसष्टपायी तिनं काय काय सोडलं, याची यादी माझ्याकडे आहे. यादीत सगळ्यात वर आई आहे. नऊ वर्षांपूर्वी आई गेली त्या दुपारी मी ताईला तीन फोन केले. ती संध्याकाळी आली. "नळी मध्येच सोडता येत नव्हती," म्हणाली. मी दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही.

२

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या ताईनं मला मोठ्या फ्रीजरपुढे उभं केलं. उणे ऐंशीचा फ्रीजर. झाकण उघडलं की थंड वाफ पायांवर सांडते.

"या पेटीत नऊ नळ्या हव्या होत्या. आठ आहेत. आणि या आठांतही जीव नाही. अकरा मार्चपर्यंत रोज रंग येत होता, बारा मार्चपासून पांढराशुभ्र. आज मे संपत आला."

"रंग कसला?"

तिच्या चेहऱ्यावर 'या ठोंब्याला काय सांगावं' असा भाव आला, तो मी लहानपणापासून ओळखतो. "वायू काही सेकंदांत विरतो. पण जाताना पाण्यात नायट्राइट ठेवून जातो. त्यावर या तपकिरी बाटलीतलं औषध घातलं की पाणी गुलाबी होतं. जितका वायू झाला तितका रंग गडद."

"आणि संशय कुणावर?"

ताईनं आवाज खाली आणला. "मुंगी."

मुंगी म्हणजे तिची सहायक. सहा वर्षं तिच्या हाताखाली आहे, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून ते नाव पडलं. फ्रीजरला कार्ड लावावं लागतं, आणि कार्डाच्या नोंदीत दोघींशिवाय तिसरं नाव नव्हतं. वीस फेब्रुवारीला सकाळी मुंगीनं पेटी उघडली होती, ताईला न सांगता.

"पुढच्या वर्षी ती खालच्याकडे जाणार आहे," ताई म्हणाली. खालचा म्हणजे खालच्या मजल्यावरचा प्राध्यापक. ताईच्या सदुसष्टवर त्याचा कधीच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो चारचौघांत हसून सांगायचा. "शुक्रवारी समिती बसणार आहे. मुंगीला काढून टाकतील. तिला पुन्हा कुठेच काम मिळणार नाही, मला माहीत आहे. पण माझी अकरा वर्षं, त्यांचं काय?"

माझ्या धंद्यात चोरीचा दावा आला की पहिला प्रश्न 'कुणी नेलं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'वस्तू होती का?' हे मी ताईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

३

मुंगी काचेची भांडी आवरत होती. डोळे सुजलेले, पण हात चालूच.

"काका, मी नाही मारलं," ती म्हणाली.

"नळी घेतलीस?"

ती गप्प बसली. गप्प बसणारी माणसं मला आवडतात. थापा मारणारे तपशील फार देतात.

"बरं, हे सांग. प्रयोग कोण करतं?"

"पाणी, कच्चा माल, सगळं मी घालते. एन्झाइम फक्त मॅडम घालतात. ज्या नळ्यांत एन्झाइम घालायचं नसतं, त्यांत तेवढंच पाणी मी घालते, म्हणजे तुलना करता येते. त्या नेहमी पांढऱ्या राहतात."

"मॅडम एन्झाइम घालतात तेव्हा तू कुठे असतेस?"

"बाहेर. त्या दार लावून घेतात. एन्झाइमला गर्दी चालत नाही म्हणतात." तिनं ओठ चावला. "पूर्वी मीही घालून बघितलं, पण माझ्या हातून कधीच रंग आला नाही, काका. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांतही नाही आला. मॅडमच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणतात."

हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. मी ते मनात टिपलं. टेबलावर दोन तऱ्हेच्या पिपेट होत्या, द्रव मोजून ओतायच्या नळ्या. मुंगीच्या प्लॅस्टिकच्या, वर बटण असलेल्या. ताईच्या काचेच्या, लांब सडसडीत, दोन्ही टोकांना उघड्या.

"हिच्यात बटण नाही, मग द्रव वर चढतो कसा?" मी विचारलं.

"त्या मॅडमच्या आहेत," मुंगी म्हणाली आणि ट्रे घेऊन निघून गेली.

खालच्याकडे गेलो. माणूस गुळगुळीत, खुर्चीही गुळगुळीत. "मी कशाला मारू हो तुमच्या बहिणीचं एन्झाइम?" तो हसला. "मेलेल्याला कोण मारतं?"

"म्हणजे?"

"तुमची मुंगी एकदा इथे आली होती. माझ्याकडे वायू थेट मोजायचं यंत्र आहे, रंगाची भानगड नाही. तिनं एक नळी तपासली. पडद्यावरची रेघ जरासुद्धा हलली नाही. रडत गेली बिचारी."

"कधीची गोष्ट?"

त्यानं वही उघडली. वीस फेब्रुवारी, सकाळी अकरा.

मी वर जाऊन ताईची वही काढली. वीस फेब्रुवारी, दुपारी अडीच. त्याच पेटीतली नळी. ताईच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रंग: उत्तम.'

४

एकाच पेटीतल्या दोन नळ्या, एकाच दिवशी. एक सकाळी मेलेली, दुसरी दुपारी ठणठणीत. मुंगीनं पेटी मारली असती तर दुपारी रंग आला नसता. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट खोटी होती, एकतर खालच्याची रेघ, नाहीतर ताईचा रंग.

त्या रात्री ताईकडेच राहिलो. सकाळी बेसिनजवळ तोंड धुताना आरशाखाली एक निळी बाटली दिसली, औषधी चूळ भरायची.

"हे काय?"

"दाढ काढली ना मार्चमध्ये. अकरा तारखेला संध्याकाळी. हिरडी काही केल्या भरेना, म्हणून डॉक्टरांनी रोज तीनदा चूळ भरायला सांगितलंय." ती डब्यात कच्च्या पालकाची पानं भरत होती. वीस वर्षं तिचा तोच डबा, साडेबाराला, बकरीसारखा. यावरून मी तिला चिडवायचो. त्या दिवशी चिडवलं नाही. अकरा मार्च, संध्याकाळ, एवढं कागदावर लिहून घेतलं.

सकाळभर अकरा वर्षांच्या वह्या चाळल्या. ताईनं प्रत्येक नोंदीला वेळ घातली होती. सकाळच्या नळ्या फिक्या, दुपारी दोननंतरच्या गडद. समासात तिनं लिहून ठेवलं होतं, 'दुपारी खोली तापते म्हणून.' सदुसष्टचा पहिला रंग जून महिन्यातला. त्याआधी प्रयोगशाळेत कोण कोण होतं, असं विचारल्यावर एक नाव वर आलं. काचमामा. काचेची भांडी धुणारा, त्याच वर्षी मे अखेर निवृत्त झालेला.

काचमामानं सत्तरी ओलांडलीये, पण स्मरण पक्कं. फोनवर त्याचा आवाज खणखणीत आला.

"काचेच्या पिपेटी? अहो, त्या तोंडानं ओढायच्या. मग फुंकर मारून शेवटचा थेंब उतरवायचा. पूर्वी सगळेच तसं करायचे. नंतर बंदी आली. बाईसाहेब तेवढ्या ऐकायच्या नाहीत, दार लावून करायच्या. त्यांच्या सरांनी तसं शिकवलेलं ना."

"मग थुंकी नाही जायची आत?"

"म्हणून तर मी प्रत्येक पिपेटीच्या तोंडाला कापसाचा बोळा घालायचो. रोज चाळीस बोळे. माझ्यानंतर जो आला त्याला कोण सांगणार? दुसरं कुणी त्या नळ्या वापरतच नव्हतं."

फोन ठेवला आणि तारखा एकाखाली एक मांडल्या. कापूस गेला आणि रंग आला. जेवणाआधी फिका, जेवणानंतर गडद. दाढ काढली, औषधाच्या चुळा सुरू झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी रंग गेला. फ्रीजरचा याच्याशी काही संबंध नव्हता. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जात होत्या, आणि ते ठिकाण माझ्या बहिणीचं तोंड होतं.

५

रसायनशास्त्रात मी ढ. म्हणून पुन्हा खालच्याकडे गेलो.

"एक बावळट प्रश्न विचारतो. थुंकीत नायट्राइट असतं का?"

"भरपूर," तो हसत म्हणाला. "पालेभाजीत नायट्रेट असतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. जेवणानंतर दोन-तीन तास तर विचारू नका. त्यात ते तपकिरी औषध घाला, गुलाबाचं सरबत दिसेल."

"आणि औषधी चूळ भरली तर?"

"जिवाणूच मेले, मग कुठलं..." इथे तो थांबला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातून माणूस निघून गेला होता. तो उठला आणि त्यानं दार लावलं.

"तोंडानं ओढते ती?"

मी मान हलवली.

"पण एन्झाइमशिवायच्या नळ्या?" त्यानं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "त्या मुंगी करते. प्लॅस्टिकच्या पिपेटनं." तो खाली बसला. "अकरा वर्षं मी त्या बाईची टिंगल केली. तिनं चोरी केली असती, खोटं लिहिलं असतं, तर मला आनंद झाला असता. हे मला नको होतं. तिला सांगू नका हो. तीनच महिने राहिलेत, जाऊ द्या तिला तशीच."

"मग मुंगीचं काय?"

मला शुक्रवार दिसत होता.

मुंगीला मी जिन्यात गाठलं. "तुला वाटलं, मॅडम स्वतःच रंग घालतात. दार लावून."

ती पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. "सकाळी माझी नळी मेलेली, आणि दुपारी त्यांच्या नळीत रंग. दुसरं काय समजू मी? सहा वर्षं त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. त्यांना लबाड कसं म्हणू? आणि मग त्यांनीच मला चोर म्हटलं. वाटलं, आपली लबाडी झाकायला म्हणताहेत."

"त्या लबाड नाहीत."

मी तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिचं रडणं थांबलं. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. ती म्हणाली, "लबाडी असती तर बरं झालं असतं, काका. लबाडाला निदान खरं काय ते माहीत असतं."

६

ताईला त्या संध्याकाळी तिच्याच टेबलाशी सांगितलं. मुंगी दाराशी उभी होती. मी दुपारी पालक चघळून आलो होतो. एका नळीत थुंकलो, मुंगीनं औषध घातलं, गुलाबी झालं. मग निळ्या बाटलीतल्या औषधानं खळखळून चूळ भरली, तासभर थांबलो, पुन्हा थुंकलो. फिकं पाणी.

ताईनं दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं चष्मा पुसला.

"हे तुझं तोंड झालं," ती म्हणाली. "माझं नाही. आणि तू नळीत सरळ थुंकलास. मी फक्त फुंकते. एवढ्यावर निष्कर्ष काढला असतास तर मी तुला नापास केलं असतं."

"मग काय करायचं?"

"आज मंगळवार. चुळा बंद करते. जिवाणू परत यायला दोन-तीन दिवस लागतील. शुक्रवारी सकाळी पालक खाऊन नेहमीसारखं ओढीन, पण एन्झाइम न घालता, नुसत्या पाण्यावर. दहा नळ्या. पाच कापूस लावून, पाच कापसाशिवाय." मग ती मुंगीकडे वळली. "ओढून झालं की तू नळ्यांची जागा बदल आणि कुठल्या कुठल्या ते टिपून ठेव. मला रंग बघेपर्यंत सांगू नकोस."

ते तीन दिवस मी तिच्या घरी काढले. ती जेवली, झोपली, वर्तमानपत्र वाचलं. बेसिनपाशी गेली की निळ्या बाटलीकडे बघायची आणि परत यायची. मी तिला सवयीप्रमाणे एकदा बकरी म्हणालो, तर ती हसलीसुद्धा. हयातभर मी माझे निष्कर्ष खरे ठरावेत म्हणून भांडलो. त्या तीन दिवसांत मनापासून मागत होतो की यावेळी मी तोंडावर आपटावं.

शुक्रवारी तिनं दार लावलं नाही. आम्हा दोघांसमोर पिपेट तोंडात धरली, पाणी ओढलं, फुंकलं. दहा वेळा. मुंगीनं नळ्यांची जागा बदलली. मग ताईनं तपकिरी बाटली घेतली.

पाच नळ्या पांढऱ्या राहिल्या. पाच गुलाबी झाल्या.

"सांग," ताई म्हणाली.

मुंगीनं कागद उलगडला. वाचायची गरज नव्हती, पण तिनं पाचही आकडे वाचले. कापूस नसलेल्या पाच.

ताईनं एक गुलाबी नळी उजेडात धरली. "रंग छान आलाय," ती म्हणाली. "नेहमी असाच यायचा." मग तिनं मुंगीचा हात धरला. "मी तुला चोर म्हणाले."

"मी तुम्हाला लबाड समजले, मॅडम."

"तू निदान तपासून तरी बघितलंस. मी अकरा वर्षांत एकदाही नाही बघितलं. रंग आवडत होता ना मला."

७

समितीसमोर ती पाच मिनिटं बोलली. मुंगी सुटली. खालचा सगळ्यात मागे बसला होता, खाली मान घालून. सदुसष्टवरचे सगळे लेख मागे घेत असल्याचं ताईनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, आणि कारणही लिहिलं, एकही शब्द न गाळता.

मला वाटलं आता घरी जाऊ. ती परत प्रयोगशाळेत आली. कपाटातून सगळ्या वह्या काढल्या, पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं. प्रत्येक नोंदीवर पट्टीनं सरळ रेघ, शेजारी सही आणि तारीख.

"तीन महिने आहेत," ती म्हणाली. "पुरतील. माझ्यामागे कुणी यावरून पुढे काम करू नये."

"मी मारू का रेघा, मॅडम?" मुंगीनं विचारलं.

"नको. तू वह्या दे फक्त."

दोन आठवडे आम्ही रोज तिथे बसलो. एका दुपारी डबा तसाच राहिला. तिसऱ्या वहीत एका पानावर तिचा हात थांबला. मी तारीख वाचली. ती तारीख मला कुणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. त्या दिवशी मी तीन फोन केले होते.

नोंद दुपारी तीन-दहाची होती. 'रंग: आजवरचा सर्वांत गडद.' खाली वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात, 'आईला सांगायचं.'

मी नऊ वर्षं ठरवून ठेवलं होतं की एक दिवस हिला ऐकवीन. ऐकवायचं काय होतं तेच आता आठवेना.

"ही ओळ राहू दे, ताई," मी म्हणालो.

"नाही रे," ती म्हणाली. "तीही चूकच आहे."

तिनं पट्टी नीट लावली, रेघ मारली, सही केली आणि पान उलटलं.